खुंटीवर ठेवलेलं बाळ

आमच्या इमारतीत बातमी आली ती अशी: जिन्याखालच्या घड्याळवालीने गरोदरपणात घड्याळाचे सेल गिळले, रोज एक, आणि त्यांचा करंट उतरला बाळात. बाळ म्हणे जन्मल्यापासून थरथरतंय. तळमजल्यावरून निघालेली ही बातमी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बाळाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त लाइनमननी तर बघायला जाताना रबरी चपला घालून जा, असा सल्लाही देऊन टाकला.

उगाच कुणाचा जीव टांगणीला नको, म्हणून लगेच सांगते. सेल नव्हता, गोळी होती. डॉक्टरांनी लिहून दिलेली, औषधाच्या दुकानातून चिठ्ठी दाखवून आणलेली, साधी पांढरी गोळी. आणि हेही कबूल करते की त्या बातमीला माझाही थोडा हात लागलेला होता. पण ‘सेल’ हा शब्द माझा नाही. तो समोरच्या शिंप्याचा. मी फक्त ‘रोज’ घातला.

शिंप्याचंही चुकलं म्हणवत नाही. घड्याळवालीच्या टेबलावर बारक्या गोल ॲल्युमिनियमच्या डब्या असतात, पन्नासेक तरी. झाकणाला काच, काचेवर चिठ्ठी: ‘स्क्रू, बारीक’, ‘काटे, लेडीज’, ‘सेल, छोटे’. तिने आपल्या आठवड्याच्या गोळ्याही तसल्याच एका डबीत ठेवल्या होत्या आणि त्यावर चिठ्ठी लावली होती, ‘मी’. रोज सकाळी अकरा वाजता ती ‘मी’ उघडायची आणि हाताच्या सवयीने चिमट्याने एक गोळी उचलून तोंडात टाकायची. आता गल्लीच्या पलीकडून, शिवणयंत्रावर मान घालून बसलेल्या माणसाला काय दिसणार? बाई चिमट्याने काहीतरी गोल, चपटं, चकचकीत खातेय. मी असते तरी सेलच म्हटलं असतं.

तर ही घड्याळवाली. वय तेहतीस, अंगाने काट्यासारखी, बोलणं त्याहून बारीक. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, जिथे उभं राहिलं की डोकं वरून चौथ्या पायरीला लागतं. दुकान वडिलांचं. त्यांनी पोरीला शाळेच्या आधी भिंग लावायला शिकवलं. भिंतीवर तीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. कुणी आत डोकावून विचारलं, “किती वाजले हो?” तर ती मान वर न करता विचारते, “कुठल्याचे?”

तिच्या पाठीमागे खुंट्यांची एक ओळ आहे. ती नीट लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्या खुंट्यांवरच लटकलेली आहे. वडिलांचा नियम होता की घड्याळ आलं की लगेच उघडायचं नाही. गिऱ्हाईक म्हणतं पुढे जातं, मागे पडतं, मधेच थबकतं. म्हणू दे. त्याला एक चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर तक्रार लिहायची, आपल्याला काय दिसलं ते लिहायचं, तारीख घालायची आणि चार दिवस खुंटीवर टांगून नुसतं बघायचं. निम्मी घड्याळं आपोआप ताळ्यावर येतात. तशा घड्याळाच्या चिठ्ठीवर खाली दोन शब्द असायचे: ‘उघडू नये’. म्हातारा म्हणायचा, घड्याळं पडून जेवढी बिघडत नाहीत, तेवढी उघडून बिघडतात. गिऱ्हाइकं वैतागायची. “चार दिवस नुसतं बघायला? मीही बघू शकतो घरी!” “बघा की,” म्हातारा म्हणायचा, “पण तुम्हाला धीर निघणार नाही. तुम्ही हलवाल.”

तीन वर्षांपूर्वी म्हातारा गेला. त्यानंतर घड्याळवाली दुकानात यायची, भिंग लावायची, एक लेडीज घड्याळ समोर घ्यायची आणि संध्याकाळी ते तसंच समोर असायचं. आठ दिवस तेच घड्याळ. जेवणाचा डबा भरलेला परत जायचा. भिंतीवरच्या घड्याळांना चावी द्यायचं तिने सोडून दिलं आणि ती एकेक करून बंद पडली. आम्ही इतक्या जवळ राहणारी माणसं, आमच्या ध्यानातही आलं नाही. आलं ते शिंप्याच्या. टिकटिक थांबल्यामुळे त्याची दुपारची डुलकी मोडली.

तिचा नवरा बस चालवतो. गडी शांत, हॉर्नसुद्धा विचार करून वाजवणारा. तोच तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी गोळी दिली. दीड महिन्याने एका सकाळी मी जिना उतरत होते तर खालून टिकटिक ऐकू आली. पाहते तर ही स्टुलावर उभी राहून एकेका घड्याळाला चावी देत होती. मला म्हणाली, “काकू, जरा बाजूला. उजेड अडतोय.” इतकं बरं वाटलं मला ते उर्मट बोलणं!

पुढच्या वर्षी दिवस गेले आणि घरात गोळीवरून ठिणगी पडली.

तिच्या सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्या, त्यामुळे अजूनही कानावर आलेली गोष्ट पुढे जोडून दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझी त्यांच्याशी गट्टी आहे, ती का हे वेगळं सांगायला नको.

“सूनबाई, बास झाली आता ती गोळी,” त्या म्हणाल्या. “मी तीन बाळंतपणं काढली, ताप आला तरी कपाळावर ओलं फडकं. पोटातल्या जिवाला कशाला तुझं औषध?”

भीती घड्याळवालीलाही होतीच. तिने कुणाला न सांगता, डॉक्टरांनाही न विचारता, गोळी एकदम बंद केली. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत तिला गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात चमक उठायची, आणि शेवटी तिच्या हातून ते झालं जे कधी झालं नव्हतं. एका शाळामास्तरांच्या घड्याळात तिने मोठा काटा छोट्याच्या जागी आणि छोटा मोठ्याच्या जागी बसवला. मास्तर तीन वाजून दहा मिनिटांनी शाळेत हजर, घड्याळात मात्र सव्वादोन. घंटा पाऊण तासापूर्वीच झाली होती आणि पोरं बाकांवर नाचत होती. मास्तर तणतणत आले. घड्याळवालीने ते घड्याळ हातात घेतलं, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, दुकान बंद केलं आणि थेट डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर रागावले. मला तिने जे सांगितलं ते असं: गोळी अशी तडकाफडकी सोडायची नसते. दुखणं परत उलटलं, आई जेवेना-झोपेना झाली, तर त्याचाही त्रास बाळाला होतोच. तिला लागते तेवढीच, शक्य तितकी कमी गोळी चालू ठेवायची आणि जिथे बाळंतपण होणार त्या दवाखान्याला आधीच सांगून ठेवायचं. अशा आयांची काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस थरथरतात, किरकिरी होतात, नीट पीत नाहीत. दहातली दोन-तीन. बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. म्हणून बाळाला काही दिवस लक्ष ठेवून बघायचं.

हे सगळं तिने घरी येऊन सासूबाईंपुढे एका दमात सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “आणि नाही ओसरलं तर?”

दुसऱ्या दिवशी मी पट्टा बदलायच्या निमित्ताने दुकानात टेकले तेव्हा ती भिंग काढून म्हणाली, “काकू, हे लेकरू माझ्या गोळीने बिघडलं तर मला परत हे डोळ्याला लावता येणार नाही.” मी काहीतरी विनोद करणार होते. केला नाही. माझ्याकडून असं क्वचितच होतं.

मुलगी झाली. अडीच किलोला किंचित वर, डोक्यावर भरपूर जावळ, नाक सासूबाईंचं. पहिला दिवस छान गेला. नवरा म्हणाला, “बघ, काही नाही झालं.” सगळ्यांनी पेढ्यासारखं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहाचा थर्मास आणि दोन्ही कान घेऊन दवाखान्यात पोचले. बाळ पाळण्यात होतं, आणि त्याची हनुवटी थरथरत होती. मग हात. इवल्या मुठी अशा कापत होत्या जशी एखाद्या घड्याळाची सेकंदाची सुई एकाच जागी अडकून फडफडते. बाळ शिंकलं, परत शिंकलं, मग टिपेच्या आवाजात रडायला लागलं. छातीशी लावलं तर तोंड फिरवायचं.

“झटके!” सासूबाई ओरडल्या. “अहो सिस्टर! झटके आले हो माझ्या नातीला!”

घड्याळवाली पांढरीफटक. नजर फक्त त्या मुठींवर.

सिस्टर आल्या. बुटक्या, गोल, चालताना चपला फटफट वाजणाऱ्या. त्यांनी आधी बाळाच्या टाचेला बारीक टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि साखर तपासली. साखर ठीक होती. मग त्यांनी बाळाची थरथरणारी मूठ आपल्या दोन बोटांत हलकेच धरली.

थरथर थांबली.

बोटं काढली. परत सुरू. परत धरली. परत थांबली.

“दिसलं का ताई?” सिस्टर म्हणाल्या. “धरल्यावर थांबते ती थरथर. धरूनही थांबत नाही तो झटका. ही थरथर आहे. तरी डॉक्टरीणबाईंना दाखवूच.”

दोन दिवसांत पहिल्यांदा घड्याळवाली उठून ताठ बसली. “मी धरू?” तिने विचारलं. आणि तिने ती मूठ धरली, अगदी जसं घड्याळातलं झुलतं चाक ती बोटाच्या टोकाने थांबवून बघते तशी. सोडली. धरली. सोडली. मी तिचा चेहरा पाहत होते. डोळ्याला भिंग नव्हतं, पण नजर भिंगाचीच होती.

बाळांच्या डॉक्टरीणबाई आल्या, बाळाला नखशिखान्त तपासलं, छातीला नळी लावून श्वास मोजला. म्हणाल्या, “गोळीचाच परिणाम दिसतोय. इतके महिने जे आईकडून मिळत होतं ते एकदम कमी झालंय, अंगाला नव्याने सवय व्हायला वेळ लागतो. आणखी चार दिवस इथेच ठेवू. खोलीत उजेड कमी, आवाज कमी, बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायचं, थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा पाजायचं. श्वास जोरात चालायला लागला, रंग बदलला किंवा धरूनही थांबेना, तर ताबडतोब हाक मारा.”

“आणि औषध?” सासूबाईंनी विचारलं. “इंजेक्शन, सलाइन, काहीतरी द्या की हो!”

“आत्ता तरी गरज नाही.”

डॉक्टरीणबाई गेल्या. सासूबाई तणतणल्या, “म्हणजे नुसतं बघत बसायचं?”

घड्याळवाली शांतपणे म्हणाली, “आई, उघडायचं नाही. खुंटीवर ठेवायचं.”

आता यात एक घोळ असा की सासूबाईंनी सुनेच्या दुकानात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. डोकं पायरीला लागतं म्हणून. खुंट्यांचा नियम त्यांना माहीत नव्हता. त्या तडक बाहेर गेल्या आणि एक्स्चेंजच्या आवाजात, म्हणजे समोरच्या फोनची गरजच भासू नये अशा आवाजात, लेकाला म्हणाल्या, “अरे, तू ताबडतोब ये. तुझी बायको पोरीला खुंटीला टांगायचं म्हणतेय!”

तो आला. गणवेशातच, बस दुसऱ्याच्या ताब्यात देऊन, धापा टाकत. आणि खोलीत शिरल्यावर त्या भल्या माणसाने बायकोकडे नाही, बाळाकडे नाही, आधी भिंतींकडे पाहिलं. खुंटी शोधायला! मला हसू आवरेना, मी थर्मासच्या झाकणात तोंड लपवलं. घड्याळवालीने कारण विचारलं, त्याने सांगितलं, आणि मग तीही हसली. टाके दुखत होते तरी हसली. तो सगळा वेळ बाळाची मूठ तिच्या बोटांत होती.

संध्याकाळपर्यंत पाळण्याला चिठ्ठी लटकली, दोऱ्यासकट, तिच्या दुकानातलीच. पर्समध्ये असतात तिच्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘तक्रार: थरथर, हनुवटी व हात. धरल्यावर थांबते. चार दिवस. उघडू नये.’ सिस्टरनी वाचली, चपला फटफटवत जाऊन दुसऱ्या सिस्टरला बोलावून आणलं आणि दोघींनी ती तशीच राहू दिली. दवाखान्याचा तक्ता पायथ्याशी, हिची चिठ्ठी उशाशी. वडिलांचं स्टॉपवॉच नवऱ्याकडून मागवून घेतलं. प्रत्येक थरथर किती सेकंद टिकते ते ती चिठ्ठीच्या मागे लिहायची. चौदा. अकरा. सोळा.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट. एकवीस. एकोणीस. बाळ पाजायला घेतलं की रडायचं, ठेवलं की रडायचं. सासूबाई एक शब्द बोलत नव्हत्या. त्यांचं न बोलणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी त्यांचं बोलणं ऐकलंय त्यांनाच कळेल. सकाळी अकराच्या सुमाराला घड्याळवालीने ‘मी’ची डबी काढली, हातात धरली आणि तशीच परत ठेवली.

“काय झालं?” मी विचारलं.

“आता तर ती माझं दूध पितेय,” ती म्हणाली. “अजून घालू तिच्यात?”

सिस्टर तिथेच बाळाचा श्वास मोजत होत्या. म्हणाल्या, “ताई, त्याबद्दल डॉक्टरीणबाई आणि तुमचे डॉक्टर बोललेत आपसांत. या गोळीचं दुधात फार थोडं उतरतं. पाजायला हरकत नाही असं तक्त्यावर लिहिलंय. आता तुम्ही गोळी सोडून आजारी पडलात, तर हिला छातीशी कोण धरणार, मी? माझ्याकडे अशी नऊ आहेत.”

घड्याळवाली डबीकडे बघत राहिली. हात पुढे होईना. मी तोंड उघडलं, पण त्याआधी सासूबाई उठल्या. त्या पाळण्यापाशी गेल्या आणि पहिल्यांदाच, स्वतःच्या बोटांनी, नातीची मूठ धरली. थरथर थांबली. सोडली, धरली. दोनदा, तीनदा. मग म्हणाल्या, “आमच्या एक्स्चेंजला लाइनवर खरखर आली की नवीन पोरी लगेच प्लग उपटायच्या. मी त्यांना ओरडायचे. अगं, उपटू नकोस, थांब जरा, लाइन तुटलेली नाही, आपोआप साफ होईल.” त्यांनी डबी उचलली, उघडली, चिमटा काही मिळाला नाही म्हणून बोटांनीच एक गोळी काढली आणि सुनेपुढे धरली. “घे. अकरा वाजून गेले. आणि तेव्हा ती बंद करायला लावली ती मीच. ते अकरा दिवस मला दिसत होते, पण मी मुकाट राहिले. घे बघू.”

तिने ती घेतली. पाणी मी दिलं. कुणीच काही बोललं नाही, आणि माझ्या आठवणीत आम्ही तिघी एका खोलीत गप्प बसल्याचा तो एकमेव प्रसंग.

चौथ्या दिवशी नऊ. सात. पाचव्या दिवशी चार, तेही फक्त रडताना. बाळ पहिल्यांदाच पोटभर प्यायलं आणि पिता पिता झोपलं, तोंडाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब तसाच. सासूबाईंनी त्या झोपेच्या वेळाही मला फोनवर कळवल्या, मिनिटासकट. सहाव्या दिवशी सकाळी चिठ्ठीच्या मागे एक शून्य, दुपारी दुसरं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे हात धरून हलकेच वर उचलले, सोडले, डोळ्यांपुढे बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “छान. घरी जा. सहा आठवड्यांनी दाखवायला आणा.”

आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नवरा खाली जाऊन उगाचच रस्त्यावर एक फेरी मारून आला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होत्या आणि मी बघतेय हे दिसल्यावर म्हणाल्या, “सर्दी आहे.” घड्याळवालीने पाळण्यावरची चिठ्ठी सोडली, ‘उघडू नये’ याच्या खाली लिहिलं, ‘चालू. तक्रार नाही’, तारीख घातली आणि ती सिस्टरना देऊन टाकली. सिस्टरनी ती त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. मी नंतर मुद्दाम जाऊन बघून आले.

सहा आठवड्यांच्या तपासणीतही सगळं नीट निघालं. तोवर इमारतीतला एकेक जण बाळाला हात लावून गेला होता, वरवर प्रेमाने, खरं तर बोटाला झिणझिण्या येतात का ते बघायला. चौथ्या मजल्यावरचे लाइनमन खरंच रबरी चपला घालून आले. बाळाने त्यांचं बोट असं घट्ट पकडलं की ते दहा मिनिटं तिथेच उकिडवे, आणि खाली उतरल्यावर शिंप्याला म्हणाले, “करंट नाही, पण पकड जबरदस्त आहे.”

आता दुकान पुन्हा उघडलंय. टेबलाच्या बाजूला टोपलीत बाळ असतं. तीस घड्याळांच्या टिकटिकीत ते असं बिनघोर झोपतं की शिंपीही परत डुलक्या घ्यायला लागला. अकरा वाजले की ‘मी’ची डबी उघडते, चिमटा आत जातो. मोजायला घड्याळं कमी पडतील इतक्या वेळा सासूबाई दुकानात येतात, डोकं चौथ्या पायरीला आपटतात, आणि दर वेळी पायरीलाच दोष देतात.

परवा मीही तिथे टेकले होते. घड्याळात अकरा वाजले, निदान एकात तरी, आणि तिने गोळी तोंडात टाकली. शिंप्याने पलीकडून मान वर केली. म्हणून मी मुद्दाम मोठ्याने, गल्लीच्या पलीकडे ऐकू जाईल असं विचारलं, “काय गं, अजून घेतेस का तो सेल?”

तिने पाणी प्यायलं, डबीचं झाकण लावलं, भिंग डोळ्याला चढवलं आणि म्हणाली, “घेते की. पण काकू, तुमच्या तोंडात कुठल्या कंपनीचा बसवलाय तेवढं सांगा. इतकी वर्षं झाली, एकदासुद्धा बदलावा लागला नाही.”